मेसरश्मिट १०९ की फोके-वुल्फ १९०? कपाटात एकच जागा असेल तर

दुसऱ्या महायुद्धातलं एकच जर्मन लढाऊ विमान डायकास्टमध्ये, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या मॉडेलमध्ये, घ्यायचं म्हटलं की माणूस या दोन नावांपाशी येऊन अडतो. मीही अडलो होतो. शेवटी दोन्ही घेतली, पण आता कुणी विचारलं तर एकाचंच नाव सांगतो.

आकाराचा प्रश्न पटकन सुटतो. १:७२ मध्ये, म्हणजे मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मापात, १०९ चे पंख टोकापासून टोकापर्यंत पावणेचौदा सेंटिमीटर, १९० चे साडेचौदा. १:४८ घेतलंत तर साडेवीस आणि बावीस, आणि किंमतही त्याच बेताने चढते. घरातल्या कपाटाला १:७२ पुरे.

खरा फरक नाकात आणि पायांत आहे. १०९ चं डाइमलर-बेंझ इंजिन द्रवाने थंड होणारं, म्हणून नाक निमुळतं, अंग सडपातळ. ओतीव धातूला इतका नाजूकपणा सहज जमत नाही: पंखाची मागची कड जाड येते, पंख धडाला मिळतो तिथे फट दिसते, आणि कॅनोपीच्या (वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाच्या) सरळ चौकटीवर रंगाची रेघ जरा हलली तरी डोळ्यांना खुपते. मूळ विमानाचे पाय धडाला जोडलेले होते. पंख काढले तरी ते चाकांवर उभं राहायचं, ही मोठी सोय होती. पण त्यापायी चाकांमधलं अंतर कमी राहिलं आणि उतरताना-उडताना अपघात पुष्कळ झाले. ते बाहेर फाकलेले पाय मॉडेलमध्ये सरळ खाली आले, तर १०९ ची ओळखच जाते. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून अगदी समोरून काढलेला फोटो मागवाच.

१९० डायकास्टला मानवतं. कुर्ट टांक यांनी ते बीएमडब्ल्यूच्या १४ सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाभोवती उभं केलं. गोल रुंद नाक, पंखांना जोडलेले लांब पाय, चाकांमध्ये भरपूर अंतर. धातूचं वजन त्याला शोभतं. चाकं उघडी ठेवून मांडायचं असेल, तर हेच घ्या. फक्त प्रोपेलरच्या मागचा, इंजिन थंड ठेवणारा छोटा पंखा वेगळा घडवलाय की नुसता रंगवलाय, तेवढं बघा.

एवढं असूनही पहिलं विमान म्हणून मी १०९ सांगतो, कारण त्याच्यात सगळं युद्ध आहे. १९३५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, तेही ब्रिटिश रोल्स-रॉइस इंजिनावर. स्पेनच्या यादवीपासून १९४५ पर्यंत ते लढत राहिलं आणि ३३ हजारांच्या वर बनलं. ब्रिटनच्या लढाईत, १९४० मध्ये, १९० आलेलंच नव्हतं. ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानाशेजारी ठेवायचं असेल तर १०९ चं 'ई' रूपच हवं. १९० ची वेळ १९४१ नंतरची. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर हा वैमानिक दिशा चुकून वेल्समधल्या पेम्ब्रीच्या ब्रिटिश तळावर उतरला, आणि इंग्रजांना हे विमान अखंड हाती लागलं. ही गोष्ट तुम्हाला ओढत असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवा.

रंगांत १०९ मध्ये माझी पसंती मार्सेय या जर्मन वैमानिकाच्या आफ्रिकेतल्या, वाळूच्या रंगाच्या 'पिवळ्या १४' ला. १९० मध्ये प्रिलर या वैमानिकाचं 'काळं १३'. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या दोस्त फौजांवर ६ जून १९४४ ला त्याने हल्ला केला होता.

शेपटीवरचं स्वस्तिक बऱ्याच मॉडेलांवर नसतं किंवा अर्धवट असतं, कारण जर्मनीत त्या चिन्हावर कायद्याने बंधनं आहेत. तो दोष समजून किंमत पाडून मागू नका. मला कोरी शेपटीच बरी वाटते. फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून १०९ चे भाग बनवून घेतले होते. माझ्या मॉडेलच्या पायाशी ठेवलेल्या चिठ्ठीवर वैमानिकाच्या नावाखाली मी तेही लिहिलंय.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि विमान उचलताना पोटाखालून धरा. १०९ ची अँटेनाची काडी बोटाच्या धक्क्यानेही मोडते.