नाथसागरातली उथळ वाट: कॅमेरा पाण्याखाली, डोलकाठीवर की आणखी कुठे?

पुतण्याने चौदा फुटी शिडाची होडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात तिचं सुकाणू कुठल्याशा बुडालेल्या दगडी भिंतीवर घासून आणलं. मग त्याचा प्रश्न आला, "काका, कॅमेरा लावायचा ठरवलंय. पाण्याखालचा घेऊ की डोलकाठीवरचा?" त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण जायकवाडीच्या बॅकवॉटरवर, माजलगावला किंवा येलदरी-सिद्धेश्वरला छोटी होडी घालणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न येतो. आणि यावर जे व्हिडिओ पाहायला मिळतात, ते बहुतेक नितळ समुद्रातले असतात.

आधी आपलं पाणी समजून घ्यायला हवं. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, साधारण ५५ किलोमीटर लांब, २७ किलोमीटर रुंद आणि भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. एवढा पसारा, पण खोली त्या मानाने फारच कमी. पैठणला १९७६ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. त्यात शंभरावर गावांची काळी, सपाट शेतं पाण्याखाली गेली, त्यामुळे तळाला उतार जवळजवळ नाहीच. पूर्ण भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. ती फूटभर उतरली की काठ कुठल्या कुठे मागे सरकतो, आणि मागच्या रविवारी जिथून आरामात गेलात तिथे या रविवारी गाळ लागतो. गाळ लागला तर फार बिघडत नाही, सेंटरबोर्ड (होडीच्या मधोमध पाण्यात सोडलेली, वर-खाली होणारी फळी) वर ओढलं की होडी सुटते. खरी भीती वेगळीच: जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खुंटं, शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारींचे पाइप आणि केबल, भोयांची जाळी. आमच्या होडीला सेंटरबोर्ड खाली असताना ३ फूट पाणी लागतं, वर घेतलं की ६ इंच. म्हणजे सगळा खेळ या अडीच फुटांतला आहे, आणि तिथेच आपल्याला डोळा हवा.

पुतण्याचा ओढा पाण्याखालच्या कॅमेऱ्याकडे होता. होडीच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, कॅमेरा, हातात पडदा, पुढचा दगड आधीच दिसणार! कोरड्या जमिनीवर ही कल्पना बिनतोड वाटते. मी त्याला एक पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडायला लावली. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हीच रीत वापरली होती आणि आजही पाण्याची नितळता मोजायला तिच्यापेक्षा स्वस्त साधन नाही. ऑगस्टात, गोदावरीला नवं पाणी आलेलं असताना, आमची ताटली फूटभरातच दिसेनाशी झाली. जानेवारीतल्या शांत सकाळी तीच साडेतीन फुटांवर गेली. आता हिशोब करा. होडी दोन नॉट वेगाने चालली तर सेकंदाला सुमारे ३.४ फूट पुढे जाते. पाण्याखालच्या कॅमेऱ्याला समोरचं दोन फूट दिसलं, तर दगड पडद्यावर उमटल्यापासून तो आदळेपर्यंत सेकंदभरही मिळत नाही. सुकाणू फिरवायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

दिवा लावला तर? उलट होतं. पाण्यात तरंगणारे मातीचे कण तोच उजेड भिंगाकडे परत फेकतात. धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यासारखं समोर नुसतं पांढरं दिसतं. दुसरी अडचण लोकांना विकत घेतल्यावर कळते. वायफायच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरपलीकडे जात नाहीत. त्यामुळे बिनतारी कॅमेरा पाण्याखाली गेला की फोनवरचं चित्र बंद पडतं, आणि वायरवाला घेतला तर ती वायर जाळ्यात अडकते.

तरी तो अगदी निरुपयोगी नाही. नांगर टाकून उभं असताना सुकाणूला दोर गुंडाळला गेलाय का, सेंटरबोर्डच्या खाचेत काय अडकलंय, हे काठीला बांधलेल्या कॅमेऱ्याने वरूनच पाहता येतं. जाळी असलेल्या पाण्यात माणसाने बुडी मारण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. पण वाट दाखवायचं काम त्याला आपल्या पाण्यात सांगू नये.

डोलकाठीवरच्या कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. तिरप्या नजरेने पाण्याकडे पाहिलं की आकाशच दिसतं, तळ दिसत नाही. जेवढं वरून पाहाल तेवढी ही चकाकी कमी. पोलरायझिंग फिल्टर लावला तर उभ्या रेषेपासून ५३ अंशांच्या कोनात पाहताना चकाकी जवळजवळ पुसली जाते. या कोनाचं गणित कामाचं आहे. होडीत उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून पावणेदोन-एक मीटर उंच, म्हणून त्याला चकाकीविना दिसणारा पट्टा सव्वादोन-अडीच मीटर पुढे असतो. कॅमेरा ६ मीटर उंच डोलकाठीच्या टोकाला नेला तर तोच पट्टा ८ मीटर पुढे जातो. दोन नॉट वेगाला ८ सेकंद. त्याहून लांबचंही दिसतं, फक्त चकाकी वाढत जाते. सेकंदाच्या आतलं हातघाईचं काम इथे ८ सेकंदांचं झालं, आणि माझ्या मते या दोन कॅमेऱ्यांतला निवाडा इथेच होतो.

मात्र त्या ८ मीटरवर तळ दिसेल अशी आशा धरू नका. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये पांढऱ्या वाळूवर पाण्याचा रंग पाहून खोली ओळखता येते: फिकट हिरवं म्हणजे उथळ, निळं म्हणजे खोल. आपला तळ काळ्या मातीचा. तो उजेड परत देत नाही, म्हणून दोन फूट पाणी आणि वीस फूट पाणी एकाच रंगाचं दिसतं. हिवाळ्यात कुठे तळ दिसलाच, तरी पाण्याच्या वक्रीभवनामुळे सरळ खाली पाहताना ४ फूट खोली ३ फुटांसारखी भासते, तिरपं पाहिलं तर आणखी कमी. चूक सुरक्षित बाजूला होते हे बरं, पण ते मोजमाप नव्हे.

मग वरून दिसतं काय? पाण्याच्या वरच्या खुणा. जाळ्याला बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग, बेशरमाच्या झुडपांचे शेंडे, पाण्याबाहेर जेमतेम बोटभर आलेलं खुंट, आणि ढवळलेल्या पाण्याचा तपकिरी पट्टा. आमच्या ओळखीतले एक भोई मामा आहेत, चप्पूवर सगळी हयात गेली त्यांची. त्यांनी मला शिकवलं, "सर, पाण्याकडं नका बघू, लाटंकडं बघा. लाट आखूड आन् उभी झाली म्हंजी बूड जवळ आलं." अगदी खरं आहे. पाणी उथळ झालं की लाटेचा वेग कमी होतो आणि लाटा एकमेकींच्या जवळ येतात. होडीत बसून हा बदल कळायला मामांचा डोळा लागतो. डोलकाठीवरून तो नवख्यालाही दिसतो. पक्षी ही आणखी एक पक्की खूण. शेकाट्या उभा असेल तिथे वीतभर पाणी समजा. रोहित (फ्लेमिंगो) उभा दिसला म्हणून तेवढंच धरू नका, त्याचे पाय बरेच लांब. पण दोघांपासूनही दूरच राहायचं. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, होडी घालायचीही परवानगी लागते, आणि पक्षी उठवून वाट शोधणं मला तरी मान्य नाही.

डोलकाठीच्या कॅमेऱ्याचे तोटेही सांगतो. वाऱ्याने होडी २० अंश कलली की ६ मीटरवरचं टोक २ मीटर बाजूला जातं आणि पडद्यावर क्षितिज तिरपं होतं. टोकाला थोडं वजन वाढलं तरी लहान होडी जास्त डोलते, म्हणून हलकाच कॅमेरा घ्या आणि त्याला वेगळी दोरीही बांधा. एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, आणि बंद पडला नाही तरी पडदा दिसत नाही. पुतण्याने त्यासाठी पुठ्ठ्याची काळी सावली केली, ती चालली. वेळ पाळायची म्हणजे सूर्य वर चढलेला आणि पाठीमागे हवा. मावळतीकडे तोंड करून परत येताना या कॅमेऱ्यावर विसंबू नका. दुपारच्या वाऱ्याने लाटा उथळ पाण्यात तळापर्यंत पोचून गाळ उचलतात, तेव्हा तपकिरी पट्टेही एकमेकांत मिसळून जातात. सकाळी नऊ ते अकरा, ही त्याची खरी वेळ.

खोली मोजायची तर कॅमेऱ्याशी स्पर्धा इको साउंडरची, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणाऱ्या यंत्राची, आहे आणि त्यात साउंडर सरळ जिंकतो. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, त्याला गढूळपणाचं फारसं वाटत नाही. मासेमारीसाठी मिळणारा साधा साउंडर बहुतेक वेळा चांगल्या ॲक्शन कॅमेऱ्यापेक्षा स्वस्तही पडतो. त्याची उणीव एकच, पण मोठी: तो फक्त पायाखालचं सांगतो. २० अंशांचा झोत दीड मीटर पाण्यात जेमतेम अर्ध्या मीटरचा गोल पाहतो. पुढे भिंत असेल तर तिच्यावर गेल्यावर कळणार. मऊ गाळावर आकडा कधी फसवतो, आणि फार उथळात तो वाचनच देत नाही. म्हणून साउंडरबरोबर बांबू हवाच.

आता ज्या कॅमेऱ्याचा पुतण्याने विचारच केला नव्हता, तो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, एक ठिपका १० मीटरचा. पाण्यातून तळ पाहायला ती आपल्याकडे निकामी, पण पाणी नव्हतं तेव्हाचा तळ त्यांनी टिपून ठेवलाय! २०१६ च्या आणि २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यात गेला होता. दुष्काळाची ती वर्षं आठवली की आजही घशाला कोरड पडते, पण त्या चित्रांत उंचवटे, गावठाणांच्या खुणा, जुन्या नदीचं पात्र उघडं दिसतं. पाणी उतरत असताना वेगवेगळ्या तारखांची चित्रं घ्या, त्या त्या दिवशीची धरणाची पातळी जुन्या दैनंदिन नोंदींतून शोधा, आणि काठाची रेषा काढा. १५१० फुटांच्या दिवशीचा काठ म्हणजे १५१० फुटांची समोच्च रेषा. आज पातळी १५१६ असेल तर त्या रेषेवर सहा फूट पाणी आहे. गाळपेरीचे (पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेल्या पिकांचे) हिरवे चौकोन दिसतील तिथे तळ सपाट आणि मऊ असतो. या रेषा फोनच्या ऑफलाइन नकाशावर चढवल्या की होडी कुठे आहे ते समोर दिसतं. त्यानंतरच्या वर्षांत गाळ साठला असणार, म्हणून मी दोन फूट हात राखून धरतो. विहीर किंवा एकटी भिंत १० मीटरच्या ठिपक्यात हरवते, तिच्यासाठी हे चित्र उपयोगाचं नाही.

ड्रोनबद्दल थोडक्यात. चित्र उत्तम मिळतं, पण शीड आणि सुकाणू सांभाळत ड्रोन उडवणं एकट्याचं काम नाही. ड्रोन नियम २०२१ पाळावे लागतात, अभयारण्यावर वनविभागाची परवानगी लागते, आणि पाणपक्ष्यांच्या थव्यावर ड्रोन नेऊच नये.

तर कुणी काय घ्यावं? नेहमी त्याच एका पाण्यात जाणार असाल तर आधी दोन रात्री बसून उपग्रहाचा नकाशा करा, मग साउंडर. एकटेच होडी चालवत असाल, नाळेवर उभं राहून पाहायला कुणी नसेल, तर साउंडरनंतर डोलकाठीचा कॅमेरा घेण्यात अर्थ आहे, पोलरायझिंग फिल्टरसह. दोघं असाल तर दुसऱ्याला पोलराइज्ड गॉगल द्या आणि नाळेवर उभं करा. त्याची नजर लहान पडद्यापेक्षा सरस ठरते. दरवेळी नव्या जलाशयावर जाणाऱ्यांनी काठावरच्या भोयांना विचारल्याशिवाय होडी उतरवू नये. पाण्याखालचा कॅमेरा सगळ्यात शेवटी, आणि तोही दुरुस्तीच्या पेटीत.

पुतण्याने सध्या साउंडर घेतलाय. बांबूवर ३ फुटांवर पिवळा पट्टा आणि दीड फुटावर लाल पट्टा रंगवलाय: पाणी पिवळ्याच्या खाली गेलं की सेंटरबोर्ड वर, लालपर्यंत उतरलं की शीड सोडून वल्ही. ती घासलेली भिंत २०१९ च्या चित्रात काही सापडली नाही, म्हणून आम्ही दोघांनी जाऊन तिची जागा नकाशावर हाताने टिपली. डोलकाठीचा कॅमेरा जानेवारीत लावू, पाणी निवळल्यावर.