द रेड बॅज ऑफ करेज: पुस्तकाला पाच स्टार, छपाईला एक

आधी छपाईचं सांगतो, कारण राग अजून उतरलेला नाही. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसली ती कॉपी मागवली, हातात आली तर कव्हरवर लोखंडी टोप घालून खंदकात बसलेले सैनिक, म्हणजे सरळसरळ पहिल्या महायुद्धाचा फोटो, आणि पुस्तक आहे १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धातलं. आत मुंगीएवढी अक्षरं, समास नावालाच, आणि सैनिकांची बोली लिहिताना जिथे जिथे शब्द तोडलेत तिथे छापताना काहीतरी गडबड होऊन नुसते चौकोनी डबे उमटलेत. कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे कुणीही उठतो आणि छापतो. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अख्खं पुस्तक फुकट आहे, लिब्रिव्हॉक्सवर ऑडिओ पण फुकट, मी पैसे घालवले, तुम्ही घालवू नका.

आता पुस्तक. माझ्या पोराच्या शाळेच्या यादीत होतं म्हणून घरात आलं, त्याने पंचवीस पानं वाचून बोअर आहे म्हणून टेबलावर टाकलं आणि मी उचललं. आम्ही न्यूजर्सीतल्या एडिसनला राहतो, रोज ट्रेनने न्यूअर्कवरून ऑफिसला जातो, आणि हा लेखक स्टीफन क्रेन जन्मला न्यूअर्कमधेच हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. जन्म १८७१, म्हणजे युद्ध संपून सहा वर्षं झाल्यावर! कादंबरी पुस्तकरूपात आली १८९५ ला, तेव्हा हा पोरगा २३ वर्षांचा आणि आयुष्यात एक लढाई पाहिलेली नाही. मासिकांत येणाऱ्या युद्धाच्या आठवणी वाचल्या, म्हाताऱ्या सैनिकांच्या गप्पा ऐकल्या, बाकी सगळं डोक्यातून. तरी वाचणाऱ्यांना वाटलं हा तिथे होताच, एका जुन्या कर्नलने तर हा अँटिएटमला माझ्याबरोबर लढला असं ठोकून दिल्याची गोष्ट सांगतात, आणि अँटिएटमची लढाई १८६२ ची. पुढे २८ व्या वर्षी टीबीने गेला बिचारा.

मी एकट्याने वाचून सोडून दिलं असतं, पण त्याच वेळी सासरे आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले. साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, १९७१ ला अगदी नवे होते एवढंच सांगतात, पुढे विचारलं की चहा मागतात. जानेवारीचा बर्फ, बाहेर जायची सोय नाही, टीव्हीवरच्या त्याच त्याच चर्चा ऐकून कंटाळलेले. मग रोज रात्री जेवण झालं की मी ट्रेनमधे वाचलेलं त्यांना मराठीत सांगायचो. हा रिव्ह्यू त्यामुळे निम्मा त्यांचाच आहे.

गोष्ट म्हटली तर इतकीच. हेन्री फ्लेमिंग नावाचा शेतकऱ्याचा पोरगा घरी विधवा आईला सोडून उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या, सैन्यात भरती होतो, ३०४ वी न्यूयॉर्क रेजिमेंट, जी खरी कधी नव्हतीच. पहिला हल्ला कसाबसा झेलतो, दुसरा आला की बंदूक टोपी टाकून पळत सुटतो, मागे भटकतो, परत येतो, दुसऱ्या दिवशी वाघासारखा लढतो. दोन दिवसांची लढाई, २४ छोटी प्रकरणं, दीडेकशे पानं. लेखक त्याला नावाने फारसा हाक मारतच नाही, बहुतेक वेळा नुसतं 'तो तरुण', त्याचे मित्र म्हणजे 'उंच सैनिक' आणि 'मोठ्या आवाजाचा सैनिक'. सुरुवातीला मला याचा वैताग आला, पण दहा पानांत सवय होते.

सुरुवातच बघा कशी केलीय. उंच सैनिक, म्हणजे जिम, ओढ्यावर शर्ट धुवायला जातो आणि ओला शर्ट झेंड्यासारखा फडकवत धावत परत येतो, उद्या आपण निघतोय म्हणून. ही बातमी त्याला एका भरवशाच्या मित्राने दिली, त्याला एका खरं बोलणाऱ्या घोडेस्वाराने, त्याला त्याच्या सख्ख्या भावाने जो म्हणे हेडक्वार्टरला ऑर्डर्ली आहे. शुद्ध व्हॉट्सॲप फॉरवर्ड! इथे बाबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "जावईबापू, लंगरातली, म्हंजे फौजेच्या सैपाकघरातली, बातमी अशीच असती. निम्मी नोकरी आम्ही उद्या निघतोय उद्या निघतोय म्हणूनच केली."

आणि ती आई. पोराने मनात मोठा सीन रचलेला असतो, ढाल घेऊन ये नाहीतर ढालीवर ये असलं काहीतरी आई बोलेल, डोळ्यांत पाणी वगैरे. आई बटाटे सोलत बसलेली आणि बोलते काय तर मोज्यांबद्दल. आठ जोड विणलेत, भोक पडलं की लगेच माझ्याकडे पाठव, मी रफू करून देईन. बरोबर ब्लॅकबेरीचा जॅम. पोरगा वैतागतो. फाटकातून मागे वळून बघतो तर ती बटाट्याच्या सालांत गुडघे टेकून बसलेली असते, चेहरा वर, रडत. लेखक यावर एक शब्द जास्त लिहीत नाही. मी हे सांगितलं तेव्हा वाटलं बाबा सालांच्या सीनवर काहीतरी बोलतील, पण ते म्हणाले, "म्हातारीला अक्कल होती. मोजं वलं राहिलं की पाय सडतो, पाय सडला की माणूस संपला." आणि मग तो पोरगा का चिडला हे त्यांना समजावायची गरज पडली नाही.

लढाईआधीची भीती जी लिहिलीय ना, ती मी अशी कुठे वाचली नव्हती. मरायची भीती नाही, मी पळेन का याची भीती. तो डोक्यात गणित मांडून सिद्ध करायला बघतो की मी पळणार नाही, आणि उत्तर काही येत नाही. बाकीच्यांना आडून आडून विचारतो की आपल्यातलं कुणी पळेल का रे, म्हणजे स्वतःच्या जोडीला कोणी सापडतं का बघतो. जिम किती साधं बोलतो, सगळे पळाले तर मीही पळेन, सगळे उभे राहिले तर मीही राहीन. त्या वेळचे अमेरिकन सैनिक पहिल्या लढाईला 'हत्ती पाहणं' म्हणायचे. हेन्रीला तो हत्ती न बघताच घाम फुटलाय.

पळाल्यावरचा भाग हा पुस्तकाचा जीव आहे, तो सावकाश वाचा. पळता पळता त्याला कळतं की अरे, आपली फळी मोडलीच नाही, बाकीचे उभे राहिले आणि त्यांनी शत्रूला थोपवलं. आणि याला आनंद होत नाही, राग येतो! आपलं पळणंच शहाणपणाचं होतं असं ठरवलेलं, ते या मूर्खांनी खोटं पाडलं म्हणून. मग जंगलात एका खारीला पाइनचं फळ फेकून मारतो, खार पळते, की झालं, हा खूश, बघा, संकट आलं की पळायचं हा निसर्गाचाच नियम. आणि दोन पानांनी झाडाला टेकून बसलेलं एक प्रेत समोर येतं, निळा युनिफॉर्म विटून हिरवट झालेला, चेहऱ्यावर मुंग्या. खारीचं तत्त्वज्ञान तिथेच संपतं.

पुढे तो जखमींच्या रांगेत मिसळतो. तिथे एक फाटक्या कपड्यांतला माणूस त्याच्याशी गप्पा मारायला लागतो, स्वतः दोन ठिकाणी गोळ्या खाल्लेला, आणि अगदी मायेने विचारतो, तुला कुठे लागलंय बाळा? आता याला कुठेच लागलेलं नाही. तो तोंड चुकवून गर्दीत सटकतो. तो माणूस पुन्हा भेटतो, पुन्हा तेच विचारतो, आणि शेवटी स्वतः भ्रमिष्टासारखा बडबडायला लागलेला असताना हेन्री त्याला शेतात एकटा सोडून निघून जातो. लढाईतून पळाला ते मी समजू शकलो. हे नाही. मधे जिमचा मृत्यू पण आहे पण तो मी इथे सांगत नाही, वाचा.

आता नावातला तो लाल बिल्ला, म्हणजे जखम. हेन्रीला ती मिळते कशी, तर आपल्याच बाजूच्या, घाबरून पळणाऱ्या एका सैनिकाचा दंड धरून काय झालं काय झालं विचारतो, तो सोडवून घ्यायला याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता हाणतो. ते रक्त घेऊन हा रात्री रेजिमेंटमधे परततो आणि सांगतो गोळी लागली. कॉर्पोरल बघून म्हणतो चाटून गेलीय, टेंगूळ मात्र कुणीतरी दंडुका हाणल्यासारखं आलंय. बस, विषय बंद. विल्सन, तो मोठ्या आवाजाचा, त्याला आपली कॉफी पाजतो, आपली ब्लँकेट्स देतो.

आणि हा पकडला जात नाही. शेवटपर्यंत नाही. माझ्या मते या पुस्तकाची खरी हिंमत इथे आहे. मी पानोपानी वाट बघत होतो की आता कोणीतरी ओळखेल, आता हा कबूल करेल, रडेल, माफी मागेल, हिंदी सिनेमा बघून वाढलेलो ना आपण. नाही! उलट लढाईआधी विल्सनने मी मरणार म्हणून रडत आपली पत्रं याच्याकडे ठेवायला दिलेली असतात, ती हा खिशात जपतो, कशासाठी, तर विल्सनने कालचं काही विचारलंच तर त्याचं तोंड बंद करायला. विल्सन ओशाळून पत्रं परत मागतो तेव्हा हा उदारपणे देतो आणि स्वतःवरच खूश होतो की मी किती मोठ्या मनाचा. असल्या माणसाला हिरो करून, आणि दुसऱ्या दिवशी त्याला खरोखरच शूर दाखवून, रेजिमेंटचा झेंडा हातात देऊन, लेखक कुठेही सांगत नाही की याचं काय समजायचं. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्या मी शाळेपासून वाचतोय, सरदार, घोडे, तलवारी, भरल्या दरबारातले संवाद, पण पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी जो साधा शिलेदार वाट फुटेल तिकडे पळाला आणि मग गावी जाऊन पाठीवरचा वार काय म्हणून सांगितला असेल, त्याच्यावर कुणी दोनशे पानं खर्च केल्याचं मला आठवत नाही.

बाबांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. "बंदूक कुठं टाकली त्यानं? आणि परत आल्यावर कुणी इचारलं नाही? आमच्यात कोतमधे, म्हंजे हत्यारांच्या खोलीत, नंबर बघून जमा करून घेत्यात, सोडलाच नसता." मी मागची पानं उलटून दाखवलं, हेन्रीलाही तोच प्रश्न पडतो आणि तोच उत्तर देतो, बंदुका काय, पडलेल्याच असतात, उचलायची एक. ते खरंही आहे. गेटिसबर्गनंतर मैदानातून २७ हजारांच्या वर बंदुका गोळा केल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या आणि कित्येकींत तर एकावर एक दोन-दोन, काहींत त्याहून जास्त बार ठासलेले, म्हणजे पोरं गज घालून ठासत राहिली आणि चाप ओढायचंच राहिलं, भीतीने म्हणा गोंधळाने म्हणा. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

खटकलेलं पण सांगतो. एक म्हणजे विशेषणं. सगळं लाल, निळं, पिवळं, तोफा म्हणजे राक्षस, कधी कधी वाटतं बाबा रे जरा दमाने. बोली तर आपल्याला जडच जाते, एखाद्याला मालवणी येत नसताना मालवणी नाटकाची संहिता वाचायला द्यावी तसं, मोठ्याने वाचलं की कळतं. पण मोठी तक्रार वेगळी आहे. युद्ध कशासाठी चाललंय हे पुस्तकात कुठेच नाही. गुलामगिरी हा शब्द शोधून सापडत नाही. पहिल्याच प्रकरणात एक काळा गाडीवान खोक्यावर चढून नाचत असतो, सैनिक हसत बघत असतात, जिमची अफवा येते आणि सगळे त्याला तिथेच सोडून निघून जातात. लेखकही निघून जातो! लढाईचं नाव पुस्तकात नाही पण अभ्यासक म्हणतात ती व्हर्जिनियातली चॅन्सेलर्सव्हिल, मे १८६३. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा त्याच वर्षीच्या १ जानेवारीचा, आणि युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या सैन्यात पावणेदोन लाखांच्या वर काळे सैनिक लढले. साध्या सैनिकाला फक्त समोरचा धूर दिसतो, राजकारण नाही, हा बचाव मला मान्य आहे पण निम्माच.

चॅन्सेलर्सव्हिल माहीत असेल तर शेवट जास्त लागतो. उत्तरेकडे लाखाच्या वर सैन्य, दक्षिणेचा सेनापती जनरल ली याच्याकडे साधारण साठ हजार, आणि तरी उत्तर हरली आणि नदी ओलांडून मागे गेली. म्हणजे हेन्रीने जीव खाऊन केलेला तो हल्ला, पकडलेला शत्रूचा झेंडा, सगळं करून पोरं जिथून आली तिथेच परत चालत जातात, पावसात, चिखलातून. हेन्रीला वाटतं आपण पुरुष झालो. वाटो. त्या चालण्यातही त्याला मधेच तो फाटका माणूस आठवतो आणि दचकायला होतं.

१९५१ ची फिल्म पण आहे, ऑडी मर्फी हेन्रीच्या रोलमधे, जो दुसऱ्या महायुद्धात खराखुरा पदकांनी लगडलेला सैनिक होता, त्याला पळताना बघायला मजा येते पण पुस्तक आधी वाचा.

पुस्तक संपवून तीन आठवडे झाले असतील. बाबांची जायची तारीख जवळ आलेली, बॅगेचं वजन करत होतो, काट्यावर चोवीस किलो म्हणून भांडण चाललेलं. एकदम म्हणाले, "त्यो फाटक्या कापडातला माणूस. त्याचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, नाहीये हो बाबा पुस्तकात.

"नीट बघा," म्हणाले, "कुठंतरी आसंल."

मी त्यांच्यासमोर शेवटची दोन प्रकरणं पुन्हा चाळली.