सीवीडच्या लाइनसाठी लक्ष्मीपुरीतनं घेतलेला दोर, चार स्टार

कोल्हापूरच्या दुकानात समुद्रातल्या शेवाळासाठी दोर मिळतो का असं विचारलं की लोक हसतात, पण मिळतो आणि चांगला मिळतो, फक्त काय मागायचं ते आपल्याला ठाऊक पाहिजे. भाच्यानं रत्नागिरी साइडला कप्पाफायकस ह्या समुद्री शेवाळाच्या लाइनी, म्हणजे रोपं बांधलेले दोर, समुद्रात टाकल्यात, दोर मी इथनं घेऊन आंबा घाटातनं पोच करतो. दुकान लक्ष्मीपुरीत, जुनं, आत दावी, कासरे, ताडपत्र्या, ट्रॉलीचे दोर असा सगळा पसारा. गाडी लावायला जागा नाही हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, मालक तुम्हाला नायलॉनच दाखवणार. मजबूत आहे, खोटं नाही बोलत ते. पण नायलॉन पाणी पितं, ओलं झालं की जोर थोडा कमी होतो, ताणलं की लांबतं आणि शिवाय पाण्यात बुडतं. लाइन आपल्याला पाण्याच्या वरच्या थरात उन्हाला पाहिजे असते, म्हणून पीपी (पॉलिप्रॉपिलीन) नाहीतर एचडीपीई (जाड पॉलिथिलीन) ह्या प्लास्टिकचा दोर घ्या, दोन्ही तरंगतात. खात्री करायची तर तुकडा बादलीत टाका, बुडला तर परत द्या. मालकांनी स्वतः बादली आणून दिली, ह्यासाठी एक स्टार जास्त.

दोर इथं किलोवर मिळतो आणि तिथंच खरा हिशोब आहे. १० एमएम तीन पदरी पीपी १०० मीटरला साधारण साडेचार किलो भरतो, तेवढ्याच जाडीचं नायलॉन सहा किलोच्या वर जातं, म्हणजे नुसता किलोचा भाव बघून काय कळत नाही, मीटरला किती पडतो ते काढा. मेन दोराला आम्ही १२ एमएम घेतला आणि रोपं बांधायच्या लाइनीला बारीक.

दुसरं, ऊन. साधा पीपी उन्हात लवकर मरतो, यूव्हीवाला, म्हणजे ऊन सोसायला बनवलेला, आहे का हे विचाराच. एचडीपीईत कार्बनचा काळा रंग घातलेला असला तर तो उन्हाला चांगला टिकतो, पण काळा दिसला म्हणजे चांगलाच असं नाही, रिसायकल दाण्याचा माल पण काळा करून विकतात. पीळ उलगडून आतला पदर बघा, नखानं घासल्यावर भुगा निघाला तर नको. दारात लटकवलेली गुंडाळी तर घ्यायचीच नाही, ती उन्हात तापलेली असते, आतल्या खोलीतली मागायची. हे सांगितल्यावर मालकांचं तोंड जरा वाकडं झालं, पण दिली.

आता ताण. दुकानातला पोरगा म्हणाला ऊसाच्या ट्रॉलीसारखं करकचून आवळा. समुद्रात ते चालत नाही, कारण ट्रॉली वर-खाली होत नाही आणि पाणी होतं. रत्नागिरीला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटर असतो, ओहोटीला ताठ केलेली लाइन भरतीला एकतर बोया, म्हणजे लाइन तरंगत ठेवणारा फ्लोट, पाण्याखाली ओढते नाहीतर तळाला लाइन धरून ठेवणारा नांगर उचलते. म्हणून ताण भरतीला लावायचा, हातानं ओढून ताठ वाटेल पण बोया अर्धा वर राहील इतका. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट तरी पाहिजे, म्हणजे ओढ आडवी बसते. उलट लाइन सैल राहिली तर शेजारच्या लाइनीत गुंतते, एकमेकीला घासते आणि रोपं तुटून वाहून जातात, हे आमच्या शेजारच्या गटाचं झालंय.

नवा दोर पहिल्या आठवड्यात पीळ बसून लांबतो, तेव्हा परत एकदा ताणावा लागतो. रोप दीडशे ग्रॅमचं लावलं की ४५ दिवसांत कितीतरी पटीनं वाढतं, त्याला प्रवाहाची ओढ पण वाढते, लाइन मधे लोंबते, तिथं आणखी बोये बांधायचे, नुसतं ताणत बसायचं नाही. पीपी गुळगुळीत असतो म्हणून गाठ सुटते, शेपूट लांब ठेवा आणि टोक तापल्या सुरीनं वितळवून बंद करा. गाठीपाशी दोराचा जोर जवळपास निम्मा होतो, म्हणून मेन दोराला गाठीपेक्षा पदर गुंफून सांधलेलं बरं. पावसाळ्यात लाइनी काढून घ्यायच्या, तेव्हा पाण्याचा खारटपणा पण कमी होतो आणि लाटा पण झेपत नाहीत.

एक स्टार कापला तो मापासाठी. १०० मीटरची गुंडाळी म्हणून दिली आणि रत्नागिरीत मोजली तर कमी भरली, किलोवर घेतल्यामुळं पैसे बरोबर लागले पण तिथं काम अडलं ना. दोर वजन करून घ्या आणि वर मोजून पण घ्या. पक्कं बिल मागा, देतात. पीएमएमएसवायच्या (प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना) सबसिडीसाठी फाइल करणार असाल तर ते लागेलच, तिथं जनरलला ४० टक्के आणि महिला, एससी-एसटीला ६० टक्के आहे. दुपारी दुकानात गर्दी कमी असते, तेव्हा गेलात तर मालक बादलीपण काढतील आणि आतली खोलीपण उघडतील.