वडे एक नंबर, सुरमईने मात्र निराश केलं

परवाच्या रविवारी आईला घेऊन कोथरूडमधल्या एका मालवणी खानावळीत गेलो, पाऊण तास वेटिंग, पण कोंबडी वडे आले नि सगळा राग गेला, वडे टम्म फुगलेले आणि रश्श्याला भाजलेल्या खोबऱ्याचा तो खमंग वास. काळ्या वाटाण्याची आमटी तर घरच्यासारखी. सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची, आईने दोन वाट्या घेतल्या! सुरमई मात्र फ्रोजन, वरचा रवा करपलेला आणि आत तुकडा नुसता भुसा, ४५० रुपयांना हे बरोबर नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते हे मान्य, पण मग सरळ सांगा ना आज मासा ताजा नाही म्हणून, आम्ही वडे-आमटीवर खुशीत जेवलो असतो.