रात्रपाळीत ईसीजी वाचायला शिकले, त्याबद्दल

कोकणातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात मी चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे. ईसीजी काढायला पहिल्याच वर्षी शिकले, वाचायला मात्र गेल्या दोन वर्षांत लागले, तेही नेटवरून. त्याला कारण ईसीजीची एक पट्टी.

पन्नाशीचे एक काका पहाटे आले. छातीत कळ येऊन गेली होती, आमच्यापर्यंत पोचेस्तोवर थांबलीही होती. पट्टी काढली. एसटी (ठोक्याच्या मोठ्या लाटेनंतरचा रेषेचा तुकडा, मोठ्या अटॅकमध्ये बहुधा वर चढतो) चढलेला नाही, दुखत नाही, म्हणून काका घरी गेले. तिसऱ्या दिवशी घामाने निथळत परत आले, मोठा अटॅक घेऊनच. वाचले, पण कॅथलॅब, म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडायची सोय, आमच्यापासून घाट चढून दोन तासांवर. ते दोन तास मी विसरलेले नाही. थर्मल कागद पुसट होतो, म्हणून नाव दुमडून पहिल्या पट्टीचा फोटो काढून ठेवला होता. तो घेऊन ‘लाइफ इन द फास्ट लेन’ या साइटच्या ईसीजी लायब्ररीत शोधत बसले. आमच्या पट्टीत छातीवरच्या व्ही २, व्ही ३ या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाची एकेका बाजूने घेतलेली नोंद) टी लाट, म्हणजे ठोक्याची शेवटची लाट, आधी वर जाऊन मग रेषेच्या खाली उतरत होती. ‘वेलन्स सिंड्रोम’चं पान उघडलं आणि तीच लाट समोर. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी एलएडी ही रक्तवाहिनी वरच्या बाजूला बंद होत आलेली असते आणि ही खूण नेमकी दुखणं थांबलेलं असताना दिसते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हे १९८२ सालीच लिहून ठेवलं होतं. माझ्यापर्यंत पोचायला चाळीस वर्षं गेली.

ही लायब्ररी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या इमर्जन्सी डॉक्टरांनी उभी केली आहे. पैसे नाहीत, लॉगिन नाही. एकेका निदानाचं एकेक पान: काय दिसतं, का दिसतं, आणि खाली खऱ्या रुग्णांच्या पट्ट्या. इंग्रजी सोपं आहे, नर्सिंगला वापरतो तेवढ्यात भागतं. हातपायांच्या तारा उलट लागल्या तर काय होतं, याचं पान तर प्रत्येक ईसीजी रूममध्ये चिकटवावं असं आहे. उजव्या-डाव्या हाताची अदलाबदल झाली की लीड वन पूर्ण उलटी होते आणि एव्हीआर (एरवी खाली वळलेली असते ती उजव्या हाताची लीड) सरळ उभी राहू शकते. गेल्या श्रावणात एका आजोबांची पट्टी अशीच निघाली. डॉक्टरांना दाखवण्याआधी मी क्लॅम्प बदलून दुसरी काढली.

एक अडचण आहे. निदानाचं नाव माहीत असेल तर ही लायब्ररी सोनं आहे. नाव माहीत नसेल तर पानांमागून पानं चाळावी लागतात. आणि नुसतं वाचून ‘कळलं’ असं वाटतं, ते रात्री तीन वाजता मशीनसमोर टिकत नाही. मला खरं शिकवलं ते उत्तर झाकलेल्या पट्ट्यांनी. याच साइटवर शंभर ईसीजींची प्रश्नमंजूषा आहे. दुसरी जागा ‘ईसीजी वेव्ह-मेव्हन’, बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाची. दिसायला जुनाट आहे, पण शेकडो पट्ट्या आहेत, सोपी-अवघड अशी पातळी दिलेली आहे, आणि उत्तर मागितल्याशिवाय दिसत नाही.

मी वही घेऊन बसते. आधी ठोके: तीनशेला दोन आर लाटांमधल्या (आर म्हणजे ठोक्याचं उंच टोक) कागदावरच्या मोठ्या चौकोनांनी भागायचं. मग पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्यांत संदेश पोचायचा वेळ) तीन ते पाच छोट्या चौकोनांत आहे का, क्यूआरएस (ठोक्याची मोठी लाट) तीनच्या आत आहे का, मग एसटी, मग टी. सगळं लिहून झाल्यावरच उत्तर उघडायचं. पहिल्या आठवड्यात दहातल्या तीन बरोबर आल्या. आता सात येतात, ब्लॉकमध्ये, म्हणजे हृदयातला विजेचा संदेश अडतो त्या पट्ट्यांत, अजून चुकते.

‘स्किलस्टॅट’चा सहा सेकंदांच्या पट्टीचा खेळ मॉनिटरवरची ऱ्हिदम, म्हणजे ठोक्यांची लय, ओळखायला चांगला, त्यापुढे त्याचा उपयोग नाही. फोनवर बारा लीड बघायच्या तर फोन आडवा धरा. जमलं तर कॉम्प्युटरवरच बघा, चौकोन मोजता येतात.

या सगळ्या साइटवर एक गोष्ट मला हवी तशी सापडली नाही, ती म्हणजे आपल्या बायकांच्या छातीवर लीड लावणं. आजीबाई पदर सोडायला तयार नसतात, मग घाईत व्ही १ आणि व्ही २ जागेपेक्षा उंच लागतात आणि पट्टीत नसलेला आजार दिसू लागतो. मी आधी पडदा ओढते, अंगावर चादर देते, ‘आजी, एवढंच, लगेच होईल’ म्हणते. मग छातीच्या हाडावरचा उंचवटा बोटाने शोधते. त्याच्या बाजूची दुसरी बरगडी, तिच्याखालची दुसरी फट, तिथून मोजत चौथी फट. व्ही ४ स्तनाखाली, पाचव्या फटीत, आणि ती व्ही ३ च्या आधी लावायची. हे मराठीत, चित्रांसह कुणी करणार असेल तर माझी वही मी द्यायला तयार आहे.