व्हॅल्युएशन रिपोर्ट, नऊ महिन्यांनंतर (आणि ओलीचा तो डाग)

घटस्फोटात घराची किंमत का काढावी लागते, हे ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी सुखाने पुढे जावं.

आम्ही दोघांनी मिळून एकच व्हॅल्युअर नेमला, फी निम्मी-निम्मी. वेगवेगळे आणले असते तर दोन आकडे आले असते आणि त्या दोघांमधल्या फरकावर वकिलांची चैन झाली असती. हा निर्णय आजही पटतो. ब्रोकर फुकट आकडा सांगतो, पण त्याचा डोळा पुढच्या दलालीवर असतो.

गृहस्थ वेळेवर आले. लेसर मीटरने खोल्या मोजल्या, नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या. तेव्हा नवऱ्याचा वाटा देऊन घर मी ठेवणार होते. म्हणजे किंमत जितकी कमी तितकं माझं बरं. म्हणून मीच त्यांना धाकट्या खोलीत नेलं, कपाट सरकवलं आणि मागचा ओलीचा डाग दाखवला. ताटाएवढा असेल. त्यांनी दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र भिंतीत टेकवलं, फोटो काढला. मी मनातल्या मनात खूश.

रिपोर्ट 22 पानांचा. आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तीन घरांशी तुलना, मजला आणि घराचं वय पाहून कमी-जास्त, सगळं व्यवस्थित. डागाला अर्धं पान, तेही रंगीत. त्यापायी किमतीतून 4 टक्के वजा. मी पाच तारे दिले होते.

आता पुढचं. माझ्या एकटीच्या पगारावर कर्ज चालू ठेवायला बँक तयार झाली नाही. त्यामुळे घर तो ठेवणार आणि वाटा मी घेणार. रिपोर्ट तोच, आकडा तोच, पण रात्री उठून पान 14 बघायला लागले. ताटाएवढ्या डागाला 4 टक्के? हिशेब करून बघा: घर 100, कर्ज 40, उरले 60, माझे 30. घर 96 झालं तरी कर्ज 40 च. ते काही ओलं होत नाही. उरले 56, माझे 28. म्हणजे 4 टक्क्यांच्या डागाने माझ्या वाट्याचे जवळपास 7 टक्के खाल्ले.

तारे दोनवर आणले आणि व्हॅल्युअरना तावातावाने मेल टाकला. उत्तर शांत आलं: वजावट डागाची नाही, भिंतीतल्या गळतीची आहे, दुरुस्तीचं कोटेशन द्या, बघतो. प्लंबरला बोलावलं. पाईपचा सांधा आणि प्लास्टर धरून खर्च घराच्या किमतीच्या 1 टक्क्याच्याही आत. पण रिपोर्ट संयुक्त, बदल करायचा तर दोघांची लेखी संमती हवी. त्याला फोन केला तर म्हणाला, "डाग तूच दाखवलास ना?"

यात व्हॅल्युअरची चूक नाही, म्हणून साडेतीन तारे. दीड तारा कापला कारण किंमत कोणत्या तारखेची धरायची हे त्यांनी आधी विचारलं नाही. पाहणीचा दिवस धरून मोकळे झाले. नऊ महिन्यांत बाजार हलला, आता दोन्ही वकिलांना ताजा आकडा हवाय. ही तारीख कामाला लागण्याआधीच लेखी ठरवून घ्या. आणि बँकेने कर्जासाठी काढलेली किंमत इथे वापरू नका, ती बँकेच्या तारणासाठी असते.

अपडेटची फी नव्या रिपोर्टपेक्षा कमी आहे, तीही निम्मी-निम्मी. पुढच्या गुरुवारी ते परत येणार आहेत. पाईप मी माझ्या खर्चाने दुरुस्त करून घेतलाय, भिंत अजून सुकतेय. कपाट जागेवर आहे. या वेळी ते सरकवायला तो येणार आहे.