टाचणांची वर्गणी भरली, वर्षभर वापरली, आता बंद

"उद्या ९९९ रुपये कापले जातील" असा मेसेज आला आणि रद्द करायचं बटण त्या साइटवर कुठेच सापडेना. शेवटी यूपीआय ॲपच्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेटच, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगीच, उडवला. नाव घेत नाही. शिक्षकांना टाचणं (रोजच्या पाठाचं लेखी नियोजन), घटक नियोजन, मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी, प्रश्नपत्रिका असं सगळं एका जागी देणाऱ्या या साइटची जाहिरात तुमच्याही केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या) ग्रुपवर पडलेली असणारच.

माझा मुख्य राग फाँटवर आहे. हसू नका. पीडीएफ उघडली की अक्षर सुबक दिसतं, पण आतला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून ओळखता येईल असा, नाही. "अपूर्णांक" शोधा, शून्य निकाल. एक ओळ कॉपी करून वर्डमध्ये टाका, नुसत्या चित्रविचित्र खुणा उमटतात. मला टाचण तयार हवं असतं ते आयतं छापायला नाही. माझ्या वर्गात तिसरीची आणि चौथीची मुलं एकत्र बसतात, त्यामुळे प्रत्येक टाचणात फेरफार करावाच लागतो. तो करायचा तर सगळं पुन्हा टाइप करा. मग पैसे कशाचे दिले? मदतीसाठी फोन सकाळी अकरा ते पाच. त्या वेळात मी फळ्यासमोर असतो. एकदा मधल्या सुट्टीत लागला, तर म्हणे "सर, फाँट इन्स्टॉल करा." मोबाइलवर?

दुसरं, टाचण कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठल्या आवृत्तीवरून, काहीच नाही. २०२३-२४ मध्ये पुस्तकं चार भागांची, मध्ये वहीची पानं घातलेली झाली, तेव्हा पानांचे सगळे आकडे हलले. यांच्या काही टाचणांत दोन्ही प्रकारचे आकडे एकाच पानावर सुखाने नांदतात.

इथवर लिहून ठेवलं होतं, पण एका बाबतीत मत बदललं. संकलित मूल्यमापनाच्या (सत्र परीक्षेच्या) वेळी यांच्या प्रश्नपत्रिका काढून पाहिल्या. सोबत संविधान तक्ता (कुठल्या घटकावर किती गुणांचे, कसले प्रश्न याचा आराखडा), गुणभार बरोबर जुळणारा, आणि आकलनाचे प्रश्न खरोखर आकलनाचे. बी.एड. करणाऱ्या भाचीने तो तक्ता समोर ठेवून आपला तयार केला. तेवढ्यासाठी दोनशे रुपये मी आनंदाने दिले असते. ९९९ नाही.

आता फुकटातलं, कारण तिथे मी खरा रमलो. कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' उघडा. पडद्यावर करून बघायच्या विज्ञान-गणिताच्या प्रयोगांच्या बऱ्याच प्रतिकृती मराठीतही आहेत आणि फाइल उतरवून घेतली की नेट नसताना चालते. आमच्याकडे ही मोठी गोष्ट. विजेच्या परिपथात तारेच्या जागी नाणं लावलं, बल्ब पेटला. खोडरबर लावलं, विझला. मग एकाने एकापुढे एक सेल जोडत नेले आणि पडद्यावर जाळ दिसला, तेव्हा वर्गात जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या बाईंनी ऐकला.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर'. मराठी गोष्टी वाचनस्तरानुसार लावलेल्या आहेत, परवाना खुला आहे. श्रेय देऊन छापा, बदला, वर्गात वाटा. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं प्रत्येक गोष्टीवर असतात. हेच मला त्या वर्गणीवाल्यांकडून हवं होतं.

भाचीला लागलेल्या सवयीही सांगतो. सिद्धांताच्या विषयांसाठी ती इग्नूच्या 'ई-ज्ञानकोश'वरून बी.एड.चे घटक उतरवते, भाषा इंग्रजी किंवा हिंदी, पण मुद्दे ठसठशीत. कृतिसंशोधनासाठी (आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेल्या छोट्या संशोधनासाठी) अमेरिकी शिक्षण खात्याचं 'एरिक', म्हणजे शिक्षणावरच्या लेखांचा साठा: तिथे पूर्ण मजकूर आणि समीक्षित (तज्ज्ञांनी तपासलेले) अशा दोन्ही चौकोनांत खूण केली की फापटपसारा गळतो. आपल्याकडचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या साइटवर, मराठीतलेही. मात्र त्यातल्या काही मराठी प्रबंधांचं स्कॅनिंग असं आहे की शोधून काही सापडत नाही, पानं चाळतच बसावं लागतं. पुन्हा तेच दुखणं, पण निदान त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.